साठची रेघ

जेवणाच्या खोलीतल्या कपाटाच्या दुसऱ्या फळीवर आम्ही एकूण नऊ जण होतो. काचेचे पेले सहा. त्यांतले चार एकसारखे आणि दोन कुठल्याशा फुटलेल्या संचातून मागे राहिलेले. बाटली एक. बूच काढायचे मळसूत्र एक. आणि मी. नऊ जणांत अंगावर मोजायच्या रेघा असलेला मी एकटाच. माझ्या रेघा एक्क्याण्णव आहेत. दहापासून शंभरपर्यंत, दर मिलिलिटरला एक. दहाच्या खाली माझी काच कोरी आहे. ही कोरी जागा लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे तिचे काम पडणार आहे.

मी एक जुने मोजपात्र आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही माझे भाऊबंद पाहिले असतील. उंच, सडपातळ, खाली षटकोनी बैठक आणि वर ओतायला चोच. घरात मला सगळे 'लंबू' म्हणत, आणि मला ते नाव आवडे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. आधी मी नुसती एक नळी होतो. मला ज्योतीवर फिरवले, खाली बैठक जोडली, वर काठ वळवून चोच काढली आणि मग तापलेल्या भट्टीत ठेवून सावकाश थंड केले. घाईने थंड झालेली काच मनात राग धरून बसते आणि पुढे विनाकारण तडकते, असे तिथले कारागीर म्हणत. त्यानंतर मला रेघवाल्या बाईंच्या टेबलावर नेले. त्या वजन करून घेतलेले पाणी माझ्यात ओतत, एक डोळा मिटून पाहत आणि खूण करत. पाणी काचेजवळ किंचित वर चढते आणि मध्ये खोलगट होते. वाचायचे ते त्या खोलगटाच्या तळाशी. शेजारी काम शिकायला बसलेल्या बाईंना त्या दिवसातून दहा वेळा सांगत, "डोळा रेघेच्या पातळीत आणा. नाहीतर काच खरी आणि तुम्ही खोट्या!"

शेवटी माझ्या अंगावर दोन गोष्टी कोरल्या गेल्या. एक, 'वीस अंश', म्हणजे माझे माप या तापमानाला खरे. दुसरी एक छोटी खूण. तिचा अर्थ असा, की माझ्यावरचा आकडा म्हणजे माझ्या आत मावणारे पाणी. ओतल्यावर बाहेर पडेल ते नव्हे.

पुढची बारा वर्षे मी वजनमापे तपासणाऱ्या कचेरीत काढली. तिथले तपासनीस साहेब मला लाकडी पेटीत घालून दुकानोदुकानी नेत. तेलवाल्याचे माप, दूधवाल्याचे माप, औषधवाल्याचे माप. एखादा दुकानदार हात जोडून म्हणे, "साहेब, आमचं माप सोन्यासारखं आहे, तपासायची गरजच नाही." त्यावर साहेबांचे उत्तर ठरलेले होते. ते चढ्या आवाजात कधी बोलत नसत. म्हणत, "बरोबर असेल, तर तपासायला काय हरकत आहे?" आणि मला पेटीतून बाहेर काढत.

किती अभिमान वाटे मला तेव्हा! ज्या मापाची वर्षाची तपासणी चुकली, ते माप कितीही चकचकीत असले तरी साहेब बाजूला ठेवायला लावत. माप खोटे आहे म्हणून नव्हे. ते खरे आहे की खोटे, हे आता कुणाला ठाऊक नाही म्हणून.

मग एके दिवशी टेबल हलवताना किलोचे पितळी वजन घरंगळत आले आणि माझ्या काठाला लागले. चोचीशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला. माझ्या रेघा जशाच्या तशा होत्या, पण टवका उडालेले मोजपात्र कचेरीत चालत नाही. माझ्या नावापुढे 'रद्द' असा शिक्का पडला. साहेबांनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतले आणि रुमालात गुंडाळून घरी आणले. त्यांची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. तिने मला पाहिल्याबरोबर पहिला प्रश्न विचारला, "हे का?" तिचा प्रत्येक प्रश्न 'का'वर संपे. म्हणून साहेब तिला 'चौकशीबाई' म्हणू लागले.

मला घरी आणण्याचे कारण सांगतो. साहेब संध्याकाळी थोडी दारू घेत. कुठल्याशा डॉक्टरांनी बोलता बोलता त्यांना म्हटले होते, "घेत असाल तर प्रमाणात घ्या." दुसरा माणूस हे ऐकून मान डोलावून विसरून गेला असता. आमच्या साहेबांना आकड्याशिवाय शब्द पचत नसे. प्रमाण म्हणजे किती? त्यांनी स्वतःच ठरवले: साठ मिलिलिटर. आणि साठ म्हणजे साठच असावेत, म्हणून मी.

रोज सात वाजता ते कपाट उघडत. बाटलीतून माझ्यात ओतत, गुडघे वाकवून डोळा साठच्या रेघेशी आणत, श्वास रोखून शेवटचे दोन थेंब सोडत. ते पेल्यात ओतून झाले, की मला विसळून साठ मिलिलिटर पाणी मोजत. उन्हाळ्यात तर भिंतीवरचा तापमापक पाहून कागदावर बारीकसा हिशेबही करत, कारण माझे माप वीस अंशांचे आणि खोली चौतीस अंशांची.

"अहो, दारू आहे ती, लस नव्हे," त्यांची पत्नी म्हणे.

"लोक अंदाजानं पितात आणि अंदाजानं बिघडतात," साहेब म्हणत. "मी मोजून घेतो."

मलाही ते पटत असे. मोजणे एवढेच मला येत होते. जे नीट मोजले ते नीटच असणार, असे मी धरून चाललो होतो.

चौकशीबाई चौदा वर्षांची असताना तिने एकदा मला हातात घेऊन फिरवले आणि ती छोटी खूण तिला दिसली. शाळेत नुकतेच शिकवले असावे. तिने विचारले, "बाबा, हे 'आत मावतं' असं माप आहे ना? मग ओतल्यावर काचेला चिकटून राहतं त्याचं काय?"

साहेबांनी स्वयंपाकघरातला काटा आणला. मला कोरडे करून तोलले, पाणी भरून ओतून पुन्हा तोलले. अर्धा ग्रॅम जास्त भरला. म्हणजे पाण्याचे अर्धे मिलिलिटर माझ्याच अंगाला चिकटून राहत होते.

"म्हणजे इतकी वर्षं मी साडेएकोणसाठच घेतोय," साहेब उतरल्या चेहऱ्याने म्हणाले.

"मग उरलेलं अर्धं कारखान्याकडून मागून घ्या," आतून त्यांची पत्नी म्हणाली.

दोन दिवस ते अस्वस्थ होते. आज आठवले की मला नवल वाटते. अर्ध्या मिलिलिटरने ज्यांची झोप उडाली, ते साडेएकोणसाठबद्दल अगदी निवांत होते. चूक माझ्या रेघांत नव्हती. त्यांच्या डोळ्यांतही नव्हती. किती आहे हे आम्ही दोघे रोज पाहत होतो. काय आहे, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

वर्षे गेली. चौकशीबाई पदवीधर झाली आणि एका निदान-प्रयोगशाळेत कामाला लागली. रोग्याच्या शरीरातून काढलेला हरभऱ्याएवढा तुकडा तिथे येतो. त्यातले पाणी काढून, तो मेणात बसवून, केसाहून पातळ काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पाणी काढायला तिथे अल्कोहोलच लागते. आधी सौम्य, मग कडक, मग निव्वळ. ती संध्याकाळी घरी आली, की तिच्या कपड्यांना तो वास येई. साहेब म्हणत, "आपण दोघंही रोज त्याच दुकानातून येतो बघ."

ती हसे. पण एक गोष्ट तिच्या मनात घर करून होती, आणि ती तिने आईला भाजी निवडताना सांगितली. मी तेव्हा धुऊन पालथा ठेवलेला होतो, त्यामुळे सगळे ऐकले. प्रत्येक तुकड्याबरोबर एक अर्ज येतो. त्यात एक रकाना असतो: मद्यपान करता का, किती, किती वर्षे. त्या 'किती'च्या पुढे लोक काय काय लिहितात ते ती वाचत असे. 'कधीमधी.' 'फक्त बीअर.' 'पाहुणे आले तरच.' तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या तुकड्यांबरोबर असे अर्ज बरेच येत.

"पण एका खणातल्या अर्जांवरून काही सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी वाचून काढलं. लाखो माणसांवर वर्षानुवर्षं केलेले अभ्यास आहेत गं. आणि काल एक अर्ज आला. त्यावर लिहिलं होतं: रोज, पण मोजून."

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

आता मला एक कबुली द्यायची आहे, मित्रांनो. त्या दिवसांत मला एक गोष्ट ठाऊक होती. ती साहेबांखेरीज घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. साहेबांची दारू साठच होती, पण त्यात घालायचे पाणी वाढत चालले होते. साठचे सत्तर झाले, मग ऐंशी, मग शंभर. नऊ आठवड्यांत चाळीस मिलिलिटर. रेघा माझ्याच अंगावर होत्या, मी सगळे पाहत होतो. पण मोजपात्राला तोंड असते ते फक्त ओतायला.

एका रविवारी संध्याकाळी साहेबांचे जुने सहकारी आले. ते आयुष्यभर तराजू तपासत आले होते, म्हणून चौकशीबाई त्यांना 'तराजूकाका' म्हणे. ते स्वतःची बीअरची मोठी बाटली घेऊन येत. म्हणत, "मी तुझ्या बाबासारखा कडक माणूस नाही. माझं आपलं पाण्यासारखं." सात वाजले. साहेबांनी साठ मोजून पेल्यात ओतले आणि मला मुलीकडे देत म्हणाले, "पाणी घाल गं. शंभर."

तिने नळ उघडला आणि बंद केला.

"शंभर? तुमचं तर साठ असतं."

"हल्ली जरा घशाला लागतं. पातळ केलं की बरं जातं."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"झाला असेल महिना."

नऊ आठवडे, मी मनात म्हटले. नऊ!

"आणि जेवताना?"

"ही काय कचेरीची चौकशी आहे का?" साहेब हसले, पण ते हसणे घशातच अडकले आणि त्यांनी खाकरून घसा साफ केला.

उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. "पावाच्या कडा काढून ठेवतात. भाताबरोबर पाण्याचे तीन पेले लागतात. मी म्हटलं दातांचं काही असेल."

तराजूकाकांना वातावरण हलके करायचे होते. ते म्हणाले, "अगं, त्याला काय होतंय? विडी नाही, तंबाखू नाही. दारूनं बिघडतं ते यकृत, आणि तेही पिंपभर पिणाऱ्यांचं. हा तर थेंब मोजणारा माणूस."

"काका, एक गंमत दाखवू?" ती म्हणाली. तिचा आवाज कुतूहलाचा होता. तिने बीअरच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले. साडेसहाशे मिलिलिटर, पाच टक्के. मग माझ्यात पाणी ओतले, बत्तीसच्या थोडे वर. "तुमच्या बाटलीतलं निव्वळ अल्कोहोल एवढं." ते पेल्यात रिकामे केले. साहेबांच्या बाटलीवर चाळीस टक्के लिहिलेले होते, म्हणून पुन्हा ओतले, चोवीसपर्यंत. "हे बाबांच्या साठातलं. आणि आई, तू कुणाच्या वाढदिवसाला लाल वाइनचा पेला घेतेस ना? दीडशे मिलिलिटर, बारा टक्के. त्यातलं हे." अठरा.

टेबलावर तीन पेले ओळीने उभे राहिले. तराजूकाका वाकून पाहू लागले.

"म्हणजे मी पहिला आलो की काय?"

"हो काका, तुम्ही पहिले."

"आयुष्यात पहिल्यांदा आलो, तेही यात!"

"बाटल्या वेगळ्या, रंग वेगळे, पण शरीराला कळतं ते हे एकच," ती म्हणाली. "शरीर त्याचं आधी एक दुसरं रसायन बनवतं. ते फार त्रासदायक असतं. पेशी स्वतःची नक्कल करते तेव्हा तिच्याजवळ सूचनांची एक वही असते असं समजा. ते रसायन त्या वहीत खाडाखोड करतं. बहुतेक वेळा शरीर ती दुरुस्त करतं. कधीतरी एखादी राहून जाते. जितक्या वेळा खाडाखोड, तितकी राहून जायची शक्यता जास्त. आणि हे फक्त यकृतात नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, मोठं आतडं. बायकांमध्ये स्तनाचासुद्धा. पिणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असं नाही, आणि न पिणाऱ्याला होतच नाही असंही नाही. पण धोका वाढतो. वर तंबाखू असेल, तर आणखी कितीतरी पटीनं."

आकडे चालू असले, की साहेब मध्ये बोलत नसत. आता ते म्हणाले, "ठीक आहे. मग धोका कितीपासून सुरू होतो ते सांग. चोवीस जास्त असेल तर वीस घेतो. पंधरा घेतो. रेघ सांग."

तिने मला उचलून दिव्यासमोर धरले.

"तुम्हीच दाखवा, बाबा. आकडा कमी करत या."

साहेबांनी सवयीने डोळा माझ्या पातळीत आणला. त्यांचे बोट वीसवर आले, पंधरावर आले, दहावर आले आणि तिथे थांबले. त्याखाली माझी कोरी काच होती.

"इथे रेघ नाही," ते म्हणाले.

"शास्त्रज्ञांनाही नाही सापडली. कमी घेतलं तर धोका कमी, हे नक्की. पण एवढं घेतलं तर अजिबात धोका नाही, अशी रेघ या कोऱ्या काचेत कुठे मारायची, ते कुणालाच सांगता आलेलं नाही."

साहेब त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. तेहेतीस वर्षे त्यांनी इतरांच्या मापांवरची रेघ तपासली होती. रेघच नसलेले माप त्यांना पहिल्यांदाच भेटत होते.

"बरं, ते राहू दे," शेवटी ते म्हणाले. "घसा बसलाय, गुळण्या केल्या की मोकळा होईल."

"मग एक साधी चाचणी करू. शंभर मिलिलिटर पाणी, आणि घड्याळ. नेहमीसारखं सलग पिऊन टाकायचं. मी आधी पिते."

तिला सात सेकंद लागले. आईला नऊ. तराजूकाकांना आठ, आणि त्यांनी पेला ठेवताना टाळीची वाटही पाहिली. मग साहेब. त्यांनी पेला तोंडाला लावला. मी रिकामा होऊन टेबलावर उभा होतो आणि त्यांचा गळा पाहत होतो. तो वर जाई, थांबे, मग खाली येई. मध्ये एकदा ठसका लागला. एकतीस सेकंद.

"पाणी गार होतं," साहेब म्हणाले. "आणि एका वाचनावरून काही ठरत नाही. तीन घ्यायची असतात."

"घेऊ ना," ती म्हणाली.

दर वेळी मध्ये दहा मिनिटे थांबून त्यांनी आणखी दोन वाचने घेतली. चौतीस. तेहेतीस. साहेबांनी स्वतः कागदावर सरासरी काढली, बत्तीस पूर्णांक सात, आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. तरीही ते म्हणाले, "डॉक्टरकडे जाण्यासारखं काही नाही. मला माहितीये माझं शरीर. ठणठणीत आहे."

तेव्हा त्यांची पत्नी उठली. तिने बाटली उचलली नाही, रडली नाही, आवाजही चढवला नाही. पेले गोळा करता करता, साहेब घरी येऊन दुकानांतले किस्से ज्या सुरात सांगत, त्याच सुरात ती म्हणाली, "बरोबर असेल, तर तपासायला काय हरकत आहे?"

तराजूकाकांनी मान खाली घातली. साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. त्या संध्याकाळचे साठ मिलिलिटर पेल्यात तसेच राहिले. सकाळपर्यंत ते साठ नव्हते, थोडे उडून गेले होते.

पुढचे मी कपाटातून ऐकले ते सांगतो. डॉक्टरांनी नळीतून आत पाहिले. घशाच्या मागच्या भागात, अन्ननलिकेच्या तोंडाशी, एक छोटी गाठ होती. तिचा हरभऱ्याएवढा तुकडा काढला. तो चौकशीबाईच्या प्रयोगशाळेत गेला नाही. तिने मुद्दाम दुसरीकडे पाठवायला सांगितले. "माझा डोळा रेघेच्या पातळीत राहणार नाही," ती आईला म्हणाली. उत्तर आले. गाठ कॅन्सरचीच होती, पण अजून घशाबाहेर पसरली नव्हती.

साहेबांनी डॉक्टरांना विचारले होते, "दारूनंच झालं का?" डॉक्टरांनी सांगितलेले त्यांनी घरी जसेच्या तसे सांगितले. "म्हणाले, एका माणसाच्या बाबतीत बोट दाखवून तसं सांगता येत नाही. पण घशाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींची यादी त्यांनी वाचली, त्यात माझ्या घरात एकच निघाली. आणि ती मी एकवीस वर्षं मोजून घेतली."

त्या दिवशी त्यांनी एक हिशेब केला. एकवीस वर्षे, रोज साठ मिलिलिटर. चारशे साठ लिटर. एखादा माणूस त्यात सहज बुडून गेला असता. मी एका वेळी फक्त साठ पाहिले होते. चारशे साठ लिटर माझ्यातून गेले, हे मला त्या दिवशी कळले.

मग त्यांनी बाटली खाली घेतली. ती मोरीत ओतायची होती. पण तीही त्यांनी आधी माझ्यात मोजली: शंभर, शंभर, शंभर, चाळीस. पत्नी दारात उभी राहून पाहत होती.

"नुसतं ओतता येत नाही का हो तुम्हाला?"

"किती टाकलं ते कळायला नको?" साहेब म्हणाले, आणि दोघेही पुष्कळ दिवसांनी हसले.

किरणांच्या पस्तीस बैठका झाल्या. आठवड्याला पाच, सात आठवडे. सोबत औषधे. चौथ्या आठवड्यात त्यांची चव गेली. पाचव्यात पाणीसुद्धा काट्यासारखे लागू लागले. गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळवंडली. इस्पितळातल्या, गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले होते, की रोज थोडे तरी गिळत राहा, नाहीतर गळा गिळायचे विसरून जाईल. म्हणून मला कपाटातून काढून स्वयंपाकघरात पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवले. रोज सकाळी साहेब गुडघे वाकवून माझ्यात पाणी मोजत. सहाव्या आठवड्यात त्यांनी दहा मिलिलिटर मोजले, माझी सगळ्यात खालची रेघ. ते प्यायला त्यांना चार मिनिटे लागली. पत्नी घड्याळ धरून बसली होती.

तराजूकाका आले, की आता लिंबूपाणी घेत. पहिल्या दिवशी म्हणाले, "याला काही चव नाही." दुसऱ्या महिन्यात म्हणाले, "साखर जरा जास्त घाल." मग एकदा हळूच चौकशीबाईला विचारले, "मी तर इतकी वर्षं घेतली. आता सोडून काही उपयोग आहे का गं?"

"आहे, काका. धोका एका दिवसात जात नाही. पण सोडल्यावर वर्षागणिक कमी होत जातो."

"मग पहिला नंबर सोडतो बाबा," ते म्हणाले.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. टवक्याशेजारून एक केसासारखी चीर खाली उतरू लागली आहे, आणि मला उचलताना घरातले सगळे ओल्या पिल्लाला उचलावे तसे उचलतात. मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. काचेच्या वस्तू हळू ठेवा. आमच्या रेघा कुणीतरी एक डोळा मिटून काढलेल्या असतात. आणि दुसरी. तुमच्या घरात कुणी म्हणाले, "मी प्रमाणात घेतो," तर त्यांच्यावर रागावू नका, त्यांना हसूही नका. शेजारी बसा आणि चौकशीबाईसारखे विचारा: "प्रमाण म्हणजे किती? आणि त्यात काय आहे?" कुणाचा घास अडत असेल, आवाज बसून आठवडे झाले असतील, तोंडातली जखम भरत नसेल, तर त्यांना तपासून यायला सांगा. मी नऊ आठवडे पाहत राहिलो, कारण मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.

शेवटची बैठक होऊन काल आठ महिने झाले. तपासणीत गाठ दिसली नाही. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. रविवार होता. तराजूकाका आले होते. चौकशीबाईने टेबलावर घड्याळ ठेवले, शंभरच्या रेघेपर्यंत मला भरले, सावकाश पेल्यात ओतले आणि कागदावर 'शंभर' लिहिले. साहेबांनी पेन्सिल मागून घेतली, माझ्या आतल्या ओल्या काचेकडे एकदा पाहिले आणि लेकीने लिहिलेला आकडा खोडला. मग त्यांनी पेला तोंडाला लावला. आई, लेक आणि काका, तिघांचेही डोळे त्यांच्या गळ्याच्या पातळीत आले होते. पेला खाली ठेवल्यावर साहेबांनी कागदावर लिहिले:

साडेनव्याण्णव मिलिलिटर. चौदा सेकंद.